आतून पुसलेली रक्तनळी

नाही, सही मी करायचा नाही. ठेवा तो कागद टेबलावर, शाल्मलीताई, आणि सरांना सांगा, विठोजी नाही म्हणाला. अठ्ठावीस वर्षं या प्रयोगशाळेत काढली—तराजू कधी चुकला नाही माझा. ‘औषध चुकीचं कालवलं म्हणून शाल्मलीचे निकाल उलटे आले’—असंच लिहिलंय ना त्यात? वाचलंय मी. सही केली की नोकरी गेली, हेही कळतं मला. स्वल्प बसा. पुण्याच्या माणसांना घाई फार.

सशाची मोठी रक्तनळी घेतली, तिची कडी कापली, आकड्याला टांगली. एका औषधानं आवळली, आता दुसऱ्यानं सैल पडायला हवी—तुमची आणखीच आवळते. मग औषध खोटं, आणि औषध कालवतो कोण? विठोजी. सरी, कबूल. पण कडी साफ कोण करतं? तुम्ही. कापसाचा बोळा चिमट्यात धरून आतून छान पुसता, रक्ताचा ठिपका राहू नये म्हणून—पाहिलंय मी. घरचं वळण चांगलं, त्याला कोण नावं ठेवील? पण अहो, त्या नळीला आतून अस्तर असतं—एका पेशीच्या जाडीचं, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. हे औषध आधी त्या अस्तराला कळतं. मग अस्तर एक वायू सोडतं, क्षणात विरणारा, आणि स्नायूला सांगतं—बाबा, सैल हो. नळीनं किती आवळायचं, किती सोडायचं, ते यावर. तेच तुम्ही पुसलंत. मागे उरला नुसता स्नायू—तो औषध लागलं की आवळतो, त्याला दुसरं काय येतं?

मला कसं माहीत? लायब्ररीतल्या मासिकात वाचलं—म्हणजे कारण तिथं वाचलं. गोष्ट आधीच माहीत होती. आम्ही आतड्याच्या तुकड्यांवर शिकलेली माणसं, आतडं आतून धुवावंच लागतं, तेच हात मी रक्तनळीला लावले. अठ्ठ्याहत्तर साल. तेव्हाचे सर भीमाचार्य, त्यांच्या कड्या महिनाभर आवळत होत्या. औषध तोलायची अहल्याअक्का, चिकपेटेहून चालत यायची बिचारी. मधे मी लग्नाला तंजावरला गेलो, आठ दिवस. त्या आठ दिवसांत कड्या अक्कानं कापल्या, जेमतेम विसळल्या—आणि सैल पडल्या. मी आलो, परत आवळायला लागल्या. सर म्हणाले, बाई वेंधळी आहे. असाच कागद आला. तिनं सही केली. मी इथं, या सिंकपाशी, हात धूत उभा होतो.

शंका आली होती का? आली होती. कुणी विचारलं नाही—विचारलं असतं तरी बोललो नसतो. घरी दोन पोरी होत्या माझ्या. तिच्याही घरी होत्या म्हणा. सोळा वर्षं झाली, चिकपेटेच्या रस्त्यानं गेलो नाही मी.

म्हणून या कागदावर दुसरी खोटी सही पडायची नाही. सही नाकारली म्हणून नोकरी गेली तरी जाऊ दे. ती बघा, तिकडे टांगलीय—सकाळी मीच कापली, आतून हात न लावता, आणि पहिल्या औषधानं आवळूनही ठेवलीय. बाटली तीच, तुम्ही खोटी ठरवलेली. घाला, तुमच्या हातानं घाला. आता यंत्राच्या कागदावरची रेघ बघा.

उतरली ना? सैल पडली कडी.

डोळे पुसा. सर खोलीतच आहेत, अस्तर कुणी पुसलं ते सांगा त्यांना. मी तेव्हा हात धूत राहिलो—तुम्ही जा. जा म्हणतो ना.