दारात किती द्यायचे?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई, व्यासपीठावर बसलेले कुरिअर कंपनीचे साहेब, आमचे हिशेबनीस, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, शिवण विभागातल्या माझ्या बायांनो, कटाई आणि पॅकिंगमधल्या बंधुभगिनींनो, आणि मागे दाराशी उभं राहून जेवण कधी वाढतात याकडे डोळे लावलेल्या मंडळींनो, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मालकीणबाईंनी मला बजावलंय, "मावशी, थोडक्यात बोला, आणि नको ते बोलू नका." थोडक्यात बोलायचा प्रयत्न करीन. दुसऱ्याची खात्री देत नाही. माझ्या तोंडी तीळ भिजत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी भाषणाला मलाच उभं केलंत, तेव्हा आता भोगा.

सत्कारमूर्तींना आपण पार्सलकाका म्हणतो. वयाने ते माझ्याहून थोडेच मोठे, तरी मीसुद्धा काकाच म्हणते. का? कारण त्यांचा चेहराच काकाचा आहे. कपाळाला आठी, कानावर पेन्सिल, मनगटात कंकणासारखी चिकटपट्टी. पॅकिंगच्या खोलीत गेलं की आधी ती पट्टी फाडल्याचा आवाज यायचा, मग खोकला, मग काका दिसायचे. खोका बंद केला की त्यावर दोनदा थोपटायचे आणि हळूच म्हणायचे, "जा, नीट जा." त्यांना वाटायचं कोणाला ऐकू येत नाही. काका, भिंतीपलीकडे आमची मशिनं आहेत. दोरा तुटला की मशिन थांबतं, आणि मशिन थांबलं की सगळं ऐकू येतं.

पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही लहान मुलांचे बूट शिवतो. मऊ चामड्याचे, हाताने टाके घातलेले, रांगणाऱ्या आणि नुकतंच चालायला लागलेल्या बाळांचे. मालकीणबाईंनी ते इंटरनेटवर विकायला ठेवले आणि बघता बघता परदेशातून मागण्या यायला लागल्या. आम्ही हरखून गेलो. आपला टाका समुद्रापार जाणार म्हणून मी घरी सगळ्यांना पेढे वाटल्यासारखं तेच तेच सांगत सुटले होते.

आणि मग बूट परत यायला लागले.

सगळे नव्हे, पण येत राहिले. खोक्यावर एक पिवळा स्टिकर, "घेणाऱ्याने नाकारले". बाई गं, तो स्टिकर बघून माझं डोकं असं तापायचं! मागवलेत तुम्ही, माप दिलंत तुम्ही, आणि दारात आलं की नको? माझ्या टाक्यात काय खोट निघाली? मी परत आलेली एकेक जोडी उलटीसुलटी करून बघायची. शिवण शाबूत, तळवा शाबूत. हिशेबनीस म्हणायचे, "लोकांना हौस असते, घ्यायची दानत नसते." आणि काका परत आलेले खोके मागच्या रॅकवर ओळीने लावून ठेवायचे, तोंड भिंतीकडे करून.

त्याच रॅकच्या अगदी वरच्या फळीवर एक खोका वेगळा होता. साध्या तपकिरी कागदातला, आमच्या कारखान्याचं नाव नसलेला. तो कोणी हलवायचा नाही. झाडूनपुसून घ्यायचा तरी काका स्वतः स्टुलावर चढायचे. आता तो कोणाचा होता हे सांगू की नको? काका मान हलवून नको म्हणतायत. म्हणजे सांगायलाच हवं.

काकांना एकच लेक. ती शिकायला परदेशी गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि तिने तिथेच आपल्या मनाने लग्न केलं. काकू तेव्हा आधीच गेल्या होत्या, मध्ये पडायला घरात कोणी नव्हतं. फोनवर बापलेकीचं वाजलं. काका म्हणाले, "मला विचारलं नाहीस." ती म्हणाली, "विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?" दोघंही एकाच मातीचे. फोन बंद तो बंदच. लग्नाला काका गेले नाहीत.

पुढे कोणा नातेवाइकाकडून कळलं की तिला मुलगी झाली. त्या दिवशी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, "सगळ्यात लहान मापाची एक जोडी हवी होती. पैसे देऊन घेईन." मी काही विचारलं नाही. हो, मी! विचारलं नाही! पिवळ्या चामड्याची, आत लोकरीचं अस्तर असलेली जोडी शिवली. शिवताना नाक गळत होतं, ते सर्दीने गळत होतं असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

काकांनी ती तपकिरी कागदात बांधली, दोनदा थोपटली आणि पाठवली. आणि काही आठवड्यांनी ती परत आली. त्यावर तोच स्टिकर. "घेणाऱ्याने नाकारले."

आता तुम्हीच सांगा, बापाने काय समजावं? त्यांनी तो खोका न उघडता वरच्या फळीवर ठेवला आणि खाली उतरून म्हणाले, "नको तर नको." त्या दिवसापासून सात-आठ महिने त्यांनी लेकीचं नाव काढलं नाही. कोणी दुसऱ्याने काढलं तर चिकटपट्टी जोरात फाडायचे.

मग एका दुपारी मालकीणबाईंना परदेशातून एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. नातीच्या वाढदिवसासाठी बूट मागवणाऱ्या आजीबाई. त्यांचीही जोडी परत आली होती. मालकीणबाई पॅकिंगच्या खोलीतच होत्या, त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि आजीबाई काय म्हणतात ते आम्हाला मराठीत सांगत गेल्या. आजीबाई रडत होत्या. म्हणत होत्या, "मी नाकारलं नाही हो. दारात माणूस आला, म्हणाला सरकारी कर भरा, जकात भरा, वर आमची हाताळणीची फी भरा. बुटांचे पैसे मी आधीच दिले होते, आणखी काही लागेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सून मागे उभी होती, पर्स रिकामी होती. मला इतकी लाज वाटली की मी परत न्या म्हटलं. तर त्याने माझ्यासमोर तो स्टिकर लावला."

परदेशात माल गेला की तिथला कर लागतो, हे काय काकांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पण आम्ही म्हणायचो, तो घेणाऱ्याचा प्रश्न, त्यांच्याकडे सवय असेल. दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आम्ही कधी बघितलाच नव्हता. आणि दुखावलेल्या माणसाला तर फक्त स्टिकर दिसतो. काका हातात पट्टी घेऊन उभे होते. त्यांनी रॅकच्या वरच्या फळीकडे बघितलं आणि समोरचा खोका अर्धाच बांधून ठेवला.

आपल्या मनात आलं असेल, लगेच फोन केला असेल. छे! आमचे काका ते. दुसऱ्या दिवशीही खोके बांधत बसले, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी कात्री ठेवली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "फोन तुम्ही लावता की मी लावू? मी लावला तर काय काय बोलेन याचा नेम नाही." एवढी धमकी पुरली.

फोन लागला. तिकडून लेकीने "हॅलो" म्हटलं. इतक्या दिवसांनी बापाने काय बोलावं? कशी आहेस, बरी आहेस का? नाही. काका घसा खाकरून म्हणाले, "बाळाचं पाऊल किती झालं?"

ती म्हणाली, "बाबा? कसलं पाऊल?"

"बुटासाठी. मागचे आता लहान होतील."

"मागचे कुठले?"

मग काकांनी सांगितलं, तपकिरी कागद, अमुक महिना. मग ती म्हणाली, "एक माणूस आला होता. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्यातरी एजन्सीचं नाव होतं आणि तो आधी पैसे द्या म्हणत होता. असल्या फसवणुका फार होतात इथे. मी दारातूनच परत पाठवलं." आणि मग एकदम आवाज बदलला तिचा. "बाबा, ते तुम्ही होतात?"

काकांनी नुसती मान हलवली, जणू तिला फोनवर दिसणारच होतं. मीच फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "हो गं बाई, तेच होते." मग ती जी रडायला लागली! तिचंही एवढंच म्हणणं होतं की मुलगी झाली तरी बाबांनी एक शब्द पाठवला नाही. अहो, पाठवला होता. तो दाराशी येऊन उभा होता. दार उघडलंही होतं. मध्ये कोणीतरी हात पसरून उभं राहिलं, इतकंच. ती कुरिअर कंपनी वेगळी होती, व्यासपीठावरच्या साहेबांनी मनाला लावून घेऊ नये.

बाळाचं माप आलं. मी नवी जोडी शिवली, लाल, बोटांकडे जरा सैल. काका ती घेऊन स्वतः या साहेबांच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, "दारात कोणी माझ्या लेकीकडे एक पैसा मागता कामा नये. तिथला कर, जकात, तुमची हाताळणी, जे काय असेल ते सगळं इथे माझ्याकडून घ्या." साहेबांनी सांगितलं की अशी सोय आहेच, कंपन्या वापरतात. सगळं आधी भरायचं, मालाचं वर्णन आणि किंमत खरी लिहायची, मग पार्सल सरहद्दीवर अडत नाही आणि दारात मोकळं पोचतं. काका तिथेच चिडले, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" साहेब म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाहीत." हसताय काय? हे अगदी असंच झालं.

लाल बूट पोचले. माणसाने बेल वाजवली, खोका हातात दिला आणि गेला. लेकीने त्याच मिनिटाला फोन केला. त्या दिवशी काका पॅकिंगच्या खोलीत शीळ घालत होते. भयंकर बेसूर होती, पण आम्ही कोणी हटकलं नाही.

मग काकांनी हट्टच धरला, यापुढे परदेशचं प्रत्येक पार्सल असंच जाणार. हिशेबनीस उसळले. किंमत सुरुवातीलाच जास्त दिसेल, गिऱ्हाईक आकडा बघून पळेल, माल परत आला तर भरलेला कर परत मिळवताना नाकीनऊ येतील. त्यांचंही खोटं नव्हतं. काका वाद घालायच्या फंदात पडले नाहीत. म्हणाले, "हिशेबनीससाहेब, जरा आत उभे राहा." त्यांना पॅकिंगच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं, आम्हा सगळ्यांना बाहेर गोळा केलं आणि दार वाजवलं. हिशेबनीसांनी उघडलं. काका म्हणाले, "तुमचं पार्सल. आधी पैसे द्या." हिशेबनीसांचा हात खिशाकडे गेला. पाकीट वरच्या मजल्यावर, कोटात. समोर आम्ही चाळीसजण टक लावून बघतोय. हिशेबनीससाहेब, तुमचा तेव्हाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. अर्ध्या मिनिटाने तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, भरू या." आज टाळ्या काकांना आहेत, पण त्यातली एक तुमची.

तेव्हापासून ही आमच्याकडची रीतच झाली. नव्या देशात माल पाठवायचा की आधी दारावरचं नाटक. आत काका गिऱ्हाईक, बाहेर आमच्यातलं कोणीतरी कुरिअर. काका दार उघडून एकच प्रश्न विचारणार, "किती द्यायचे?" आणि त्याचं उत्तर एकच. "काही नाही. सगळं भरलंय." असं छातीठोक सांगता आलं नाही, तर त्या देशाची विक्री सुरू होत नाही. परत येणारे खोके हळूहळू थांबले. रॅक रिकामा झाला. वरच्या फळीवरचा तपकिरी खोका तेवढा राहिला, कारण त्यातली जोडी आता कोणाला होणार?

काकांना उद्यापासून काम नाही. परवा मला म्हणाले, "घरी बसून काय करू? येऊन बसत जाईन खोलीत, माझ्या जागी येणाऱ्या बाईंना पट्टी कापून देईन." काका, घरात बोलायला कोणी नाही, याची तुम्हाला धास्ती आहे. मला कळतं. म्हणून मालकीणबाईंची माफी मागून मी आता नको ते करणार आहे.

काका, जरा उठा. या बाजूच्या दाराशी उभे राहा. मी कुरिअर. हे वाजवलं. टकटक! पार्सल आहे.

बघा, सवयीने विचारलंच! "किती द्यायचे?" सांगते, आधी उघडा. काल माझ्या पत्त्यावर आलंय, लेकीकडून. मी रात्रभर पोटात ठेवलं, त्याचंही कौतुक करा कोणीतरी.

ओळखलेत ना? तेच लाल बूट. बघा सगळ्यांनी, वर धरा काका. अंगठ्याशी चामडं पार झिजलंय, टाच घासून गुळगुळीत झालीय. इतक्या वर्षांत माझ्या शिवणीची एवढी मोठी पावती मला कोणी दिली नाही. पोरगी यात चालायला शिकली.

आता डाव्या बुटात बोट घाला. ते विमानाचं तिकीट आहे, तुमच्या नावाचं. लेक मला फोनवर म्हणाली, "मावशी, ती पहिली पिवळी जोडी अजून आहे का? बाबांना सांगा, ती घालणारं कोणीतरी येतंय. आणि ती पार्सलने नको. हातात घेऊन या म्हणावं, आणि लवकर परत जायचं नाही म्हणावं."

आणि मघाशी विचारलंत ना काका, किती द्यायचे? काही नाही. सगळं भरलंय.

आता आवरते. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुणे वेळ काढून आले, तुम्ही सगळ्यांनी जेवण थंड होत असताना ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल, कोणाचं गुपित फुटलं असेल, तर पदरात घ्या. नाकारल्याचा स्टिकर लावून परत पाठवू नका.

तपकिरी खोका मी सकाळीच फळीवरून काढून पुसून ठेवलाय. हा घ्या काका. इकडे या, खांदा जरा खाली करा, माझा हात पोचत नाही. हे एकदा थोपटलं, हे दुसऱ्यांदा.

जा काका, नीट जा.