नगरच्या बैठकीतला आमचा हिस्सा

सवलत! ऐकलंत का मंडळी, सवलत म्हनं! हक्क न्हवं, सवलत! आवो, ज्या बैठकीपायी माझ्या घरातल्या दोन दुभत्या शेळ्या बाजाराला गेल्या, बायको वरीसभर काळा च्या पिली, ती बैठक सवलत कशी व्हईल? सवलत म्हंजी दुकानदार वरनं चिमूटभर साखर टाकतो ती. ती न्हाई टाकली तर आपन काय त्याचा गळा धरत न्हाई. पन साखरेचं पोतं मी इकत घेतलंय आन् तो म्हनतो, पोतं तुमचं, आतली साखर सवलतीची... तर गळा धरायचा का न्हाई? तुमीच सांगा!

थांबा, पयल्यापासून सांगतो. न्हाईतर म्हनाल, ह्यो सहादेव तिसगाववरनं येतो आन् कारन नसताना बोंब मारतो.

नगरला काम कुनाला नसतं? कचेरीची तारीख असती, दवाखाना असतो, लगनाचा बस्ता असतो. सकाळच्या येस्टीनं उतरायचं, काम घटकाभराचं, आन् माघारी गाडी पार दिवस कलल्यावर! मधल्या येळंत मानसानं जावं कुटं? गडी मानूस हाटेलात शिरतो. पन येका च्यावर बसून बसून किती बसनार? हाटेलवाला फडकं घिऊन येतो, आपन कप उचलला की फडकं, ठिवला की फडकं, शेवटी टेबल पुसतोय का आपल्याला पुसून काढतोय तेच कळंना! आन् बायामानसं? त्यांनी कुटं जावं? आमची रतनबाई दुसऱ्या दिशी नगरला जायचं म्हनलं की आज दुपारपासनं पानी बंद करायची. हसू नका! हसताय काय? तुमच्या घरच्यांना जाऊन इचारा, त्या बी तेच करत्यात, फकस्त तुमाला सांगत न्हाईत.

तर अशात तो रंगनाथशेठ गावात आला. पांढरं धोतार, काळी टोपी, आन् वानी काय! मधात बुडवून काढलेली. "सहादेवराव, नगरात स्टँडापासून हाकेच्या अंतरावर इमारत उठवतोय. वर खोल्या, खाली बैठक. हिस्सा घ्या! वर्षातले पाच दिवस खोली तुमची, तुमच्या पोराबाळांची, नातवंडांची! आणि बैठक? बैठक तर बाराही महिने! वेताच्या खुर्च्या, वर पंखा, माठातलं गार पाणी, बायकांची आत वेगळी सोय. हा पितळी बिल्ला दाखवायचा आणि घरच्यासारखं बसायचं!"

आता मला सांगा, खोली कुनाला पायजे हुती? नगरात पाच दिस राहून मी काय करू, डास मोजू? बायांची सोय म्हनल्याबरूबर रतनबाई आतनं वराडली, "अवो, घिऊन टाका!" लगीन झाल्यापासून पयल्यांदा तिनं मला काय तरी इकत घ्यायला सांगितलं. मी बैठकच घेतली की वो! आन् आमाला त्यातला हिशेब बी लगीच उमगला. आमच्याकडं इहीर अशीच असती न्हवं? चार हिस्सेदार. पिकाला पानी ज्याच्या त्याच्या पाळीनं. पन हिस्सेदाराच्या बायकोनं प्यायला घागर बुडवली तर तिला पाळी इचारतो का कोनी? भावाभावांत कोरटात झुंज लागलेली असती, येकमेकाचं तोंड बघत न्हाईत, पन घागरीला न्हाई म्हनत न्हाईत! म्हंजी खोली ही पाळी, आन् बैठक ही घागर. सोप्पं! समद्या तिसगावात मीच समजावून सांगितलं ह्ये, आन् माझं ऐकून आनखी किती तरी जनांनी हिस्सा घेतला. आता ते मला बाजारात गाठून शिव्या देत्यात ती गोष्ट वायली.

पयलं वरीस काय झकास गेलं म्हनून सांगू! रतनबाई पंख्याखाली बसून तांब्या तांब्या पानी प्यायची. काम नसलं तरी नगरला चला म्हनायची. दुसऱ्या वर्षी पंखा बंद. का? तर दुरुस्तीला. बरं, असू द्या. मंग येक दिस बघतो तर खुर्च्या गायब, सतरंजी. बरं, आपन काय खुर्चीत जल्मलो न्हाई. मंग मधी फळ्यांची भिंत आली. अलीकडं सतरंजी, पलीकडं खुर्च्या आन् पंखा. दुरुस्त झालेला पंखा पलीकडं गरागरा फिरतोय आन् अलीकडं आमी त्याचा निस्ता आवाज ऐकतोय! मी म्यानेजरला, त्या छगनरावाला इचारलं. त्यो पान लावत हुता. वर बघितलंच न्हाई त्यानं. "अहो सहादेवराव, शेठनं नवीन इमारत काढलीय. तिथला मोठा हिस्सा घेणाऱ्यांसाठी पलीकडची बाजू. तुम्ही जुने." म्हनलं, जुना म्हंजी आधीचा! आधी आलेल्याला आधी बसू द्यायचं का न्हाई? तर म्हनतो कसा, "हक्क तुमचा खोलीवर. बैठक ही सवलत आहे. सवलत काय, आज आहे, उद्या नाही."

सवलत! हक्क न्हवं, सवलत!

मी त्याला इहिरीचं समजावून सांगितलं. घागरीचं बी सांगितलं. त्यो म्हनला, "इथं विहीर कुठाय?" ह्या मानसाला काय बोलावं!

तरी मी दम धरला. सतरंजी तर हाय, सोय तर हाय. आन् तशात मालनचं जमवायचं निघालं. मालन म्हंजी माझी थोरली. सातवी पास, शिवनकाम येतं, बोलायला जरा फटकळ, पन ते मी स्थळाला सांगत नसतो. पारनेरकडचं स्थळ आलं. मुलगा गोरक्षनाथ, नगरात कारकून. आता रीत काय? पाव्हन्यांनी मुलीच्या घरी यायचं. पन यंदाचं साल कसलं, तुमी बघताय न्हवं? गावात प्यायचं पानी टँकरनं. पाव्हन्यांच्या पायावर पानी घालायचं तर पुढच्या टँकरची वाट बघा म्हनावं लागल! मी मुलाच्या बापाला, त्या आसाराम पाव्हन्यांना निरोप धाडला: कशाला उनातान्हात येताय, नगरातच उरकू, आमची तिथं जागा हाय. आता जागा हाय म्हनलं ते काय खोटं म्हनलं का? तिकडनं निरोप आला, जागा तर आमची बी हाय नगरात, पन मान मुलीकडचा, आधी तुमच्याकडं बघू, मंग आमच्याकडं च्या घेऊ.

घ्या! दोन्हीकडं नगरात जागा! रतनबाई तर हवेतच. मी मातूर मनातनं धसकलो. सतरंजीवर बसवू, पन पंख्याचं काय? मंग ठरवलं, फळ्या सरकवायला लावीन, आजच्या दिस तरी छगनच्या पाया पडंन. पोरीच्या जल्माचा प्रस्न हुता वो! कारकून जावई रोज रोज येत न्हाई दाराशी. आन् ह्याच्या आधी दोन स्थळं तिच्या फटकळ तोंडानं माघारी गेलेली.

ठरल्या दिशी स्टँडावर भेट झाली. आसाराम पाव्हनं, त्येंच्या मंडळी, मुलगा. आमी तिघं, आन् रतनबाईच्या डोक्यावर पोह्यांचा डबा. निघालो. मी पुढं, छाती काढून. "असं हाकेच्या अंतरावर हाय बघा!" पाव्हनं म्हनलं, "बरं बरं." पयल्या वळनाला म्हनलं, "हिकडं का?" म्या म्हनलं, "हिकडंच!" दुसऱ्या वळनाला त्येंनी उपरन्यानं तोंड पुसलं. "पाव्हनं, हिकडंच का?" "व्हय व्हय, हिकडंच!" मला वाटलं उन्हानं बेजार झाल्यात. त्येंच्या मंडळी त्येंच्याकडं अशा डोळं वटारून बघत हुत्या... मला वाटलं, बाई तापट दिसती, मालनचं जरा आवघड हाय.

दाराशी पोचलो. आन् दारात कोन? छगनराव! दोन्ही चौकटींना दोन हात.

"आज बैठक बंद."

म्हनलं, "बंद कशी? आत तर मानसं हसत्यात!"

"ते मोठे हिस्सेदार. शेठच्या पाव्हण्यांचा साखरपुडा आहे. जुन्यांना आज प्रवेश नाही. पुढचंही काही सांगता येत नाही."

म्या आवाज बारीक केला, "छगनराव, पाव्हनं आल्यात वो, पोर दाखवायचीय, अर्धा घंटा... निस्ती सतरंजी..." तर ह्यो बाबा रस्त्यानं जानाऱ्याला बी ऐकू जाईल असा बोलला, "सहादेवराव, किती वेळा सांगू, बैठक तुमच्या मालकीची नाही! सवलत आहे ती!"

संपलं! पाव्हन्यांम्होरं मालकी गेली! रतनबाईनं पोह्यांचा डबा खाली ठिवला आन् तोंडाला पदर लावला. मालन माझ्याकडं बघंना. मी मान खाली घालून हुबा. आता पाव्हनं म्हननार, जागा हाय म्हनून फशिवलं आमाला, चला रं माघारी...

तर आसाराम पाव्हनं येकदम पुढं झालं! उपरनं कमरंला आवळलं आन् छगनच्या अंगावर गेलं! "कोन म्हनतो सवलत? तुझा शेठ आमच्या ओसरीवर बसून काय म्हनला हुता? बारा म्हैनं म्हनला हुता! ह्यो बघ, ह्यो बघ बिल्ला! ह्यो काय बैलाच्या गळ्यात बांधायला दिलाय का मला?"

आन् खिशातनं पितळी बिल्ला काढला की वो!

छगनचं हात चौकटीवरनं खाली आलं. आसाराम पाव्हनं बिल्ला तसाच वर धरून हुबं, आन् हळूहळू त्येंच्या ध्यानात आलं, आपन काय काढलंय ते. मी त्येंच्याकडं बघतोय, ते माझ्याकडं. म्हंजी मान मुलीकडचा म्हनून आमाला म्होरं घातलं, आन् मंग च्या प्यायला ज्या जागेत नेनार हुते, ती हीच! म्या हळूच इचारलं, "पाव्हनं... तुमची जागा?" ते म्हनलं, "हीच. आन् तुमची?" म्हनलं, "आमची बी हीच."

तवर मागं मालन फिसकन हसली. मी म्हनलं, गेलं! तिसरं बी गेलं! ती पायरीवर बसली, पोह्यांचा डबा उघडला, आन् मुलाला सरळ इचारती कशी, "मंग तुमी ऱ्हाता कुटं? हितंच का?" आवो, मुलीनं इचारायचं असतं का? मुलीनं नाव सांगायचं असतं! पन त्यो बी खालच्या पायरीवर टेकला. म्हनला, "न्हाई, सावेडीकडं भाड्याची खोली हाय. येक खाट, येक स्टो." ही म्हनती, "खाट कुनाची?" त्यो म्हनला, "खाट माझी." "आन् बाईमानसाची सोय?" त्यो म्हनला, "हाय. आत हाय. कडी लागती." मालननं झाकनात पोहे काढलं आन् त्याच्याम्होरं केलं. झालं बघनं! आत शेठच्या पाव्हन्यांचा साखरपुडा, भाईर पायरीवर आमचा. रस्त्यानं येनारंजानारं इचारत हुतं, कोन गेलं वो ह्येंच्यात?

लगीन झालं. टँकरच्या पान्यात झालं, पन झालं. आमी दोघा याह्यांनी, मी आन् आसाराम पाव्हन्यांनी, मिळून ठरवलं, आपल्याला ह्ये बिल्लं काय करायचंत, पोरं नगरात ऱ्हात्यात, त्येंच्या नावावर करू. दोन बिल्लं म्हनल्यावर छगनला बी गप बसावं लागल! कागद करून बी टाकलं, आन् मंग जावई गेला बैठकीचं इचारायला. छगन म्हनला, "हिस्सा दुसऱ्याच्या नावावर गेला की खोली त्याबरोबर जाते. बैठक जात नाही. ती मूळ हिस्सेदारालाच. म्हणजे आता कुणालाच नाही." बघा! इतके दिस निदान सतरंजी हुती. आमी आमच्या हातानं ती बी घालवली! आन् वर म्हनतो, सवलत! हक्क न्हवं, सवलत!

आता तुमी म्हनाल, लेकीचं घर हाय की नगरात, तिथं जाऊन बस. गेलो की! लई बसलो. तिसगाववरनं आमी, पारनेरकडनं याही, कधी कधी समदे येकाच दिशी, खाट येक आन् वर चौघं. मालन बोलली न्हाई म्हैनाभर. मी म्हनलं, लगीन झाल्यावर पोर सुधारली बघा. आन् मंग येका दिशी तिनं दोन्ही याह्यांना समोर बसवलं आन् तोंडावर सांगितलं, "आबा, मामंजी, तुमी समदे या, पन वार ठरवून या. मामंजींचा रईवार, आबांचा बुधवार." रईवारी जावई घरी, खाटंवर गादी, भज्यांचा घाना. मुलाकडचा मान, बरूबर हाय, मी काय बोलनार?

आन् बुधवारी? बुधवारी जावई कचेरीत, मालन शिवनाच्या वर्गाला, दाराला ह्ये येवढं कुलूप... मी आन् रतनबाई भाईर पायरीवर बसतो. चांगली हाय पायरी. दुपारनंतर सावली येती... आन् रतनबाईनं मंगळवारपासनं पानी बंद केलंय.