थोरल्या बाई पडद्यामागे का उभ्या राहायच्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यापायी आपण सारे जमलो आहोत त्या आमच्या थोरल्या बाई, आणि आपापल्या पायांनी चालत या सभागृहात आलेल्या मंडळींनो,

“आपापल्या पायांनी” मी मुद्दाम म्हटलं. पुढच्या रांगांमधले बरेचसे पाय बाईंच्या हातचे आहेत. बघा, सत्कार त्यांचा, आणि खुर्ची मात्र हळूच मागे सरकवून बसल्यात!

आमच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत एक रीत आहे. पेशंट दोन दांड्यांना धरून पहिलं पाऊल टाकतो, तेव्हा पाय बनवणाऱ्याने समोर हात पुढे करून उभं राहायचं. बाई कधीच उभ्या राहिल्या नाहीत. आम्हाला पुढे ढकलायच्या आणि स्वतः पडद्यामागे. माणूस चालला, की “त्याची जिद्द हो, माझं काय त्यात?” पाय टोचला, की “माझाच हात चुकला.” हा कुठला न्याय, सांगा बरं? आम्ही म्हणायचो, काय हा विनय!

बाई आता निवृत्त होणार, म्हणून गेल्या महिन्यात त्यांची जागा मला द्यायचं ठरलं. मी त्यांना गाठलं. म्हटलं, “मला नाही जमायचं. इतके दिवस तुमच्या आडोशाने निभावलं. आता सगळ्यांना कळेल, हिला काही येत नाही.”

प्लॅस्टरने माखलेले हात पुसत बाई म्हणाल्या, “अगं वेडे, मग मी पडद्यामागे काय झोपा काढते? मला दर वेळी वाटतं, आज आपलं पितळ उघडं पडणार.”

“अजूनही?”

“अजूनही. पण एक राहूनच गेलं गं. पहिलं पाऊल पडताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी कधी पाहिलंच नाही.”

मला रडूच फुटलं. इतक्या माणसांना चालवलं, आणि तो आनंद बाईंनीच बघू नये?

तर बाई, ऐका. तुम्ही बनवलेला शेवटचा पाय घालून एक शाळकरी पोर उद्या सकाळी चालणार आहे. समोर तुम्ही उभं राहायचंय. मी शेजारी असेन, मलाही वाटेल आज पितळ उघडं पडणार, वाटू दे. तुमची जागा मी घेते आहे. आणि लपायचा विचार सोडा, पडदा मी आजच धुवायला टाकलाय.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. आणि चार शब्द बरे झाले असतील, तर नशिबाने झाले असं काही मी म्हणणार नाही. ते मीच बोलले.