पेंगकाकांच्या दारातलं प्लगिन

…आणि वर लोक मलाच विचारतात हो, "यु-फान, बटण दाबलं की बसतं ते प्लगिन! तू वर्षभर करतोस तरी काय?" काय सांगू? मला काही वाटत नाही आता. आधी वाटायचं. राग यायचा, चहा कीबोर्डवर सांडायचा… आता सांडला तरी नुसता बघत बसतो.

तुम्हाला सांगतो, इथे तैवानात ताइतुंगला तंत्रशाळेत फांगबाई आहेत. त्यांची पोरं ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहितात तो सगळा इंग्रजीत, आणि पोरांचं इंग्रजी म्हणजे… जाऊ दे. त्या एडिटरला चिनी मेनू देणारं प्लगिन आहे, म्हणजे वरून जोडायचा तुकडा. बटण दाबा, बसतं! पण कुठे? दाबणाऱ्याच्या खात्यात. आणि आमच्याकडे शाळांतल्या कॉम्प्युटरना असतं रिस्टोअर कार्ड, बंद करून चालू केला की पोरांनी केलेलं सगळं पुसून पुन्हा कोरा करकरीत! सोमवारी बसवलेलं प्लगिन मंगळवारी गायब. बाई फोनवर रडकुंडीला, "बाळा, सरकारी परीक्षा आहे रे पोरांची, मेनूच वाचता आला नाही तर नापास होतील!" मी म्हणालो, "बाई, निर्धास्त राहा. तुमचे कॉम्प्युटर ज्या लिनक्सवर चालतात, त्याचं पॅकेजच करून टाकतो मी ह्याचं. मुख्य कॉम्प्युटरवर एकदा बसलं की सगळीकडे कायमचं." म्हणालो मी! ह्याच तोंडाने!

पण पॅकेज मंजूर कोण करणार? पेंगकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त, आमच्या लिनक्सवाल्यांचे राखणदार, आणि बिनपगारी, म्हणजे दुप्पट कडक! चष्मा नाकावर आणून विचारतात, "पोरा, हे आलं कुठून? आई-बाप कोण ह्याचे? मूळ कोड दाखव." दाखवला. तर प्लगिनच्या पोटात दुसऱ्यांच्याच कोडची लायब्ररी निघाली, तिच्या पोटात तिसऱ्यांची… पाहुणा यावा आणि सोबत स्वतःची शेगडी, पातेली, पिंप घेऊन यावा तसं! काका म्हणाले, "आपल्या घरात शेगडी आहे. आपलीच वापरायची." आता आपली शेगडी जुनी, ह्याचं पातेलं तिच्यावर बसेना! मी पातेलं ठोकून ठोकून बसवलं. बरं, पॅकेज बांधताना इंटरनेट बंद, हा नियम. आणि हे प्लगिन डोळे उघडले की पहिल्यांदा बाहेर हात पसरणार, हे आण, ते आण! बांधणी पडली. पुन्हा पडली. शेवटी सर्व्हरवर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवला, यंत्र गुणी राहावं म्हणून सगळेच ठेवतात… तर काकांनी आधी पाकिटाची मुदत तपासली! "हे संपलंय. म्हणून पडतंय." मला काही वाटलं नाही. खाली गेलो, नवं आणलं.

आणि झालं की हो मंजूर! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. काकांनी नुसतं "हं" केलं. बाईंनी मुख्य कॉम्प्युटरवर चढवलं, बंद केलं, चालू केलं… टिकलं! सगळे मेनू चिनीत! मी खुर्चीला पाठ टेकली. आणि फोन.

"यु-फान… पोरं चिडलीयत रे."

"का?"

"त्यांना काही सापडेना!"

अहो, वर्षभरात पोरांनी इंग्रजी मेनू वाचलाच नव्हता, पाठ केला होता! वरून चौथं, मग खालून दुसरं, डोळे मिटून! आणि चिनीत आली की ती सेटिंगची यादी लागते अक्षरांच्या रेघा मोजून, कमी रेघांचं आधी. चौथ्याचं झालं अकरावं, खालचं गेलं वर. मागून एक कार्टं ओरडत होतं, "बाई, आमचं इंग्रजी आम्हाला परत द्या!"

"काढता येईल का रे?" बाई हळूच म्हणाल्या. "परीक्षा आहे…"

काय करता? एक ओळ सांगितली. त्यांनी टाइप केली. गेलं. सगळं गेलं! एक फाइल नाही मागे, एक सेटिंग नाही, जणू मी वर्षभर नव्हतोच… काकांना कळवलं. काकांनी स्वतः शाळेत जाऊन तपासलं, परत येऊन चष्मा काढला, पुसला, आणि वर्षात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला, "पोरा! मागे कणही नाही! ह्याला म्हणतात पॅकेज!"

खोटं कशाला बोलू, मला वाटलं हो काहीतरी. बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी आलं… आता काय, आमचं कौतुक निघतानाच व्हायचं!