आत्याला विचारलं

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंच्या कानावर शेजारी बसलेल्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. तिशीतल्या लेकीच्या हातात गोष्टींचं पुस्तक होतं.

“‘तिने दोन कप काढले, मग एक परत ठेवला.’ का, बाबा?”

“येणारं माणूस आलं नसेल.”

“तसं लिहिलेलं नाही. कप तडकलाही असेल.”

“असेल. पण ओळखायचं असतं गं.”

“काल तुम्ही म्हणालात, ऑपरेशनला यायची गरज नाही. तेही ओळखायचं होतं?”

“हो.”

“मला नाही ओळखता आलं. आत्याला विचारलं. ती म्हणाली, घाबरलाय तो.”

“खरंय.”

“मी ऑटिस्टिक आहे, बाबा. सरळ सांगत जा.”

“बरं. आत नेईपर्यंत हात धर.”

“कुठला?”

“कुठलाही.”

“उजव्याला सुई टोचलीय. डावा धरते.”

शिंपीणबाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि लेकीला बाबांच्या डाव्या बाजूला बसायला जागा करून दिली.