तोंडी होकार

इनायतुल्ला : आपटू नको पोरी, दिल्लीहून मागवलेली त्या परदेशी पुस्तकाची झेरॉक्स हाये. तुह्या गाईड सरायले नाई आवडली?

दामिनी : आवडली ना चाचा! म्हणे, "उत्तम संदर्भ आहे, पण तुझ्या अभ्यासातल्या बायकांना लागू नाही."

इनायतुल्ला : कावून? तूच तं म्हणत होती, गोऱ्यायनं ज्यायले लुटलं त्या लोकायनं आपापली संशोधनाची रीत लिहिली म्हणून. आपल्याले का फुलं वाहिली होती गोऱ्यायनं?

दामिनी : ते आदिवासींसाठी हाये म्हणे. हिवरखेडच्या बाया कापूसवाल्या. त्यायच्या मुलाखतीले छापील संमतीपत्र पायजे, खाली सही नाईतं अंगठा.

इनायतुल्ला : मंग घे अंगठे. तुह्या मायच्याच मैतरणी.

दामिनी : देत नाईत. या दोन-तीन सालांत जो आला तो अंगठा घेऊन गेला. बँकवाला, बियाणंवाला, पाहणीवाला. कशावर लावला, हे त्यातल्या मनकर्णाबाईले अजून कोणी वाचून नाई दाखवलं. आता बायायनं ठरवलं, कागदाले हात लावाचा नाई. पारावर साऱ्यायसमोर हो म्हणू. मन फिरलं तं साऱ्यायसमोरच नाई म्हणू.

इनायतुल्ला : निकाहासारखंच की. फक्त तिथं मन फिरणं एवढं सोपं नसते. तुह्या चाचीले विचार.

दामिनी : हसा तुमी! असा होकार चालते, हे सांगणारं एक छापील पान शोधासाठी मी अकोला पालथं घातलं, नागपूरले गेली, तुमची लायब्ररी धुंडाळली. सापडलं, तं हे असं.

इनायतुल्ला : म्हणजे आपल्या बाया खऱ्या, हे सांगाले पान परदेशी पायजे. अन् पान आणलं तं बायाच चुकीच्या निघाल्या!

दामिनी : सोमवारी विद्यापीठाच्या समितीची बैठक हाये. अंगठे नसले तं विषय रद्द. शिष्यवृत्तीबी गेली.

इनायतुल्ला : सर काही उपाय सांगत नाईत?

दामिनी : सांगतात ना. हळूच म्हणाले, "शाईचा पॅड आहे, तुला दहा बोटं आहेत. कोण बघतंय?"

इनायतुल्ला : तौबा! याले मात्र संदर्भ नाई मागितला त्यायनं.

दामिनी : मी नाई करत तसं.

इनायतुल्ला : माहीत हाये. मंग गावाले जाय. असं असं अडलं म्हणून बायायले सरळ सांग.

दामिनी : परवापासून बॅग भरून ठेवली. पाय निघत नाई.

इनायतुल्ला : भेव कायचं? नाई म्हणतील?

दामिनी : नाई चाचा. माहं अडलं म्हटल्यावर आपलं ठरलेलं मोडून अंगठा देतील, एकबी नाई म्हणणार नाई.