कपाटाचं डावं दार

हॅलो? …हो, पोचलं दार. टेम्पोवाला आत्ताच टेकवून गेला… नाही, ओरखडा नाही. पण छोट्या, हे उजवं आहे. आरशाचं… अरे, मला डावं हवं होतं. आई गिऱ्हाइकांची मापं आतून लिहायची ते…

मी आरशासमोर रमायचे म्हणून हे पाठवलंस? बाबा रे, तीस वर्षं झाली त्याला.

बरं, ऐक ना. तू आहेस कुठे?… फाटकाशी? मग परत जा आत, अजून… काय? कपाट कशाला फोडतायत?… शूटिंगला. हं. माहितीये तो कार्यक्रम. जुनं घर घ्यायचं, चाळीस दिवसांत पांढरंफटक करायचं आणि कुठल्याशा श्रीमंत जोडप्याच्या हातात किल्ली द्यायची. आई न चुकता बघायची. त्या सूत्रसंचालिकेच्या कोटाला नावं ठेवायची, खांदा उतरलाय म्हणून… ती आलीये? आणि हातोडा तिच्याच हातात?

पळ. आधी पळ… विकलं असेल रे, पण आपण दार मागतोय, घर नाही. लाजतोस काय… मी आहे फोनवर.

…

हो, बोल… देते म्हणाली? पण काय?… कॅमेऱ्यासमोर रडायचं? मुळीच नाही. दुसरं काही असेल तर विचार… पहिला घाव तू घालायचा. आपल्याच कपाटावर.

…ऐकतेय. विचार करतेय… घाल. पण दार निघाल्यावर. आधी दार.

हळू काढ, बिजागरी गंजलीये… निघालं? थांब, या वेळी खात्री कर. वाच… डॉक्टरीणबाई, हो. पोस्टमन, बाही चोवीस… आता खाली ये. सगळ्यात खाली. आईची मापं, माझ्या अक्षरात. आजारपणात मीच घ्यायचे ना… छाती छत्तीस. हो… मग एकतीस… शेवटी अठ्ठावीस. हेच. हेच दार.

काय?… नाही, अठ्ठावीसच्या पुढे मी काही लिहिलं नव्हतं… परत वाच.

…'आत दोन इंच कापड राखणे.'

…पेन्सिलीनं? बारीक, उतरत गेलेलं?… हो. तिचंच.

कशाला म्हणजे? ते शेवटचं माप तिच्या गाऊनचं होतं ना. आत कापड असलं की उसवून मोठा करता येतो. माणूस परत अंगानं भरलं की.

…नाही रे, मला नाही म्हणाली. तिला हातात कात्री धरवत नव्हती, म्हणून मी कापला. अठ्ठावीसलाच कापला. काटेकोर. आत काही ठेवलंच नाही मी.

…आहे, आहे. इथेच आहे… नाही, रडत नाहीये. तूही नको, ती बाई कॅमेरा घेऊन टपलेली असेल… चादर आहे ना? गुंडाळ. लिहिलेली बाजू आत. आणि टेम्पोत टाकू नकोस, स्वतः घेऊन ये… हो, दोन्ही दारं माझ्याकडेच राहू देत.

हं. घाल आता घाव… नको, मी ठेवते आधी. मला तो आवाज नकोय.